पाच मिनिटांची रिॲक्शन आणि तीनशे मिलीचा कॉलम: 'ग्रीन' संश्लेषणाचा पूर्ण हिशोब मांडूया

मांजराकाठ (धागाकर्ती)

मी लातूरला एम.एस्सी.च्या मुलांचं ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल घेते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, तेव्हा आम्ही लॅबमधले सगळे रिफ्लक्स (मिश्रण उकळत ठेवायचं आणि वाफ थंड करून परत भांड्यात आणायची) थांबवले होते. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचा नळ कितीही बारीक ठेवला तरी मिनिटाला लिटरभर पाणी जातंच. तीन तासांच्या रिफ्लक्सला १८० लिटर, तेही स्वच्छ पाणी, बेसिनमधून थेट गटारात. वीस मुलांची बॅच धरली तर एका दुपारी ३,६०० लिटर. घरी टँकरची वाट बघायची आणि लॅबमध्ये हे करायचं, ते हातून होईना.

मायक्रोवेव्हकडे मी वळले ती त्या पाण्यामुळे. कंडेन्सर नाही, तीन तास नाहीत. आता तर माझ्यासमोर येणाऱ्या दर दुसऱ्या प्रोजेक्टच्या नावात 'ग्रीन' असतं. मायक्रोवेव्ह, अल्ट्रासाउंड किंवा पुन्हा वापरता येणारा उत्प्रेरक, यातलं एक तरी हमखास. या पद्धतींवर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणूनच त्यांचा हिशोब अर्ध्यावर सोडलेला बघवत नाही.

उदाहरण घेते बिजिनेली रिॲक्शनचं. बेन्झाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया एकत्र करायचे, आम्लाचे थेंब घालायचे, की डायहायड्रोपिरिमिडिनोन मिळतं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत असलेली रिॲक्शन. बाहेर पडतं ते फक्त पाणी, दोन रेणू. अणूंचा हिशोब केला तर घातलेल्यातलं ८८ टक्के वजन उत्पादनात जातं. म्हणजे जात्याच चांगली रिॲक्शन.

१० मिलिमोलवर लावली तर आल्डिहाइड १.०६ ग्रॅम, एस्टर १.३० ग्रॅम, युरिया थोडा जास्त म्हणजे ०.९० ग्रॅम. ८५ टक्के यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्यापैकी प्रत्यक्ष मिळालेलं) आलं तर हाती २.२ ग्रॅम. गेल्या वर्षी एका मुलीने हीच रिॲक्शन द्रावकाशिवाय मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत केली. वहीत लिहिलं 'सॉल्व्हंट-फ्री'. पुढच्या पानावर वर्कअप, म्हणजे पदार्थ वेगळा करून शुद्ध करण्याचं काम, होतं: इथाइल ॲसिटेट २५ मिली दोनदा, सोडियम सल्फेट, मग सिलिकाचा कॉलम (सिलिका भरलेल्या नळीतून द्रावक सोडत पदार्थ वेगळा करणं), हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट मिळून ३०० मिली. वजनात अडीचशे ग्रॅमच्या वर द्रावक. म्हणजे एका ग्रॅम पदार्थामागे शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कचरा, आणि यात मी सिलिका धरलेलीच नाही.

आता जुनी पद्धत बघा. इथेनॉलमध्ये रिफ्लक्स, थंड करा, पदार्थ आपोआप स्फटिक होऊन खाली बसतो. गाळा, थंड पाण्याने धुवा, लागलंच तर १५ मिली इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करा. कचरा ग्रॅममागे दहा-बारा ग्रॅमच्या घरात. वितळणबिंदू २०२ ते २०४ अंशांच्या जवळ आला की कॉलमची गरजच नाही.

म्हणजे मायक्रोवेव्हने वाचवलं ते कॉलमने दसपटीने घालवलं. त्या मुलीला मी तोच मायक्रोवेव्हचा गोळा थेट बर्फाच्या पाण्यात ओतायला सांगितला. जास्तीचा युरिया पाण्यात गेला, पदार्थ गाळणीवर राहिला, इथेनॉलमधून एकदा स्फटिक केला. ग्रॅममागे सहा ग्रॅम कचरा, वेळ कमी आणि १८० लिटर पाणीही वाचलं. हे खरं 'ग्रीन', पण त्यातलं अर्धं श्रेय गाळणीचं आहे!

प्लांटमध्ये काम केलेले, अल्ट्रासाउंडवाले, उत्प्रेरकांवर काम करणारे इथे आहेत हे माहीत आहे. तुमचे हिशोब मांडा, म्हणून हा धागा.

---

उन्हाळी

मी रसायनशास्त्रातला नाही, वाचायला आवडतं म्हणून विचारतो. मायक्रोवेव्ह नेमकं काय करतो? लहरी रेणूंचे बंध तोडतात का? आमच्या सोसायटीत दर महिन्याला कुणीतरी पाठवतं की मायक्रोवेव्हमध्ये अन्नाची 'रचना बदलते'.

---

मांजराकाठ

बंध तोडत नाहीत. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीची ऊर्जा मोलमागे जेमतेम १ ज्यूल. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साडेतीन लाख ज्यूलच्या आसपास लागतात. अंतर इतकं आहे की प्रश्नच मिटतो.

होतं ते असं. पाणी, अल्कोहोल अशा रेणूंना एक धन टोक आणि एक ऋण टोक असतं. विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला अब्जावधी वेळा उलटते, रेणू तिच्यामागे वळायला बघतो, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत मागे पडतो. या मागे पडण्यातून उष्णता तयार होते. आयन असतील तर ते पुढे-मागे धावतात आणि आपटतात, त्यातूनही उष्णता. कोण किती तापतं हे द्रावकावर आहे. त्याचा एक आकडा असतो, टॅन डेल्टा: इथिलीन ग्लायकॉल १.३५, इथेनॉल ०.९४, पाणी ०.१२, टोल्युइन ०.०४, हेक्झेन ०.०२. म्हणून इथेनॉल भराभर तापतं आणि हेक्झेन जवळजवळ थंडच राहतं.

वेग का वाढतो, तर बहुतेक वेळा नुसत्या तापमानामुळे. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग दुप्पट होतो. ८० अंशांवर ८ तास लागणारी रिॲक्शन १३० अंशांवर बत्तीसपट वेगाने, म्हणजे १५ मिनिटांत होईल. इथेनॉल ७८ अंशांवर उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात १३० गाठता येत नाही. बंद, दाब सोसणाऱ्या भांड्यात गाठता येतं. आपल्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर हेच करतो.

---

पेप्टाइडवाली

छान धागा, ताई. मी न्यू जर्सीत प्रोसेस केमिस्ट्रीत आहे, मूळची पुण्याची.

इतिहास थोडा जोडते. मायक्रोवेव्हमध्ये ऑरगॅनिक संश्लेषणाचे पहिले दोन पेपर १९८६ सालचे. एक कॅनडातल्या गेडी यांच्या गटाचा, दुसरा अमेरिकेतल्या गिगेर आणि माजेटिक यांचा. दोघांनीही घरगुती ओव्हनच वापरले होते. त्या काळात बंद भांडी फुटल्याचे प्रकार झाले. म्हणून हात जोडून सांगते: घरगुती ओव्हनमध्ये ज्वालाग्राही द्रावक किंवा बंद भांडं कधीही ठेवू नका. त्यात आतलं तापमान कळत नाही, ढवळणं नाही, आणि '५० टक्के पॉवर' म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये पूर्ण शक्तीने थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद एवढंच असतं. ज्या प्रयोगात तापमानच लिहिलेलं नाही, तो दुसऱ्याने पुन्हा करायचा कसा?

दुसरं, 'मायक्रोवेव्हचा खास परिणाम' हे शब्द अजूनही प्रोजेक्टांत दिसतात. त्यावर वीसेक वर्षं वाद चालला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या कुपी वापरल्या. हा पदार्थ लहरी स्वतःच शोषून घेतो आणि तापतो, आतल्या मिश्रणापर्यंत लहरी जवळजवळ पोचतच नाहीत. काचेच्या कुपीत लहरी आणि उष्णता दोन्ही, सिलिकॉन कार्बाइडच्या कुपीत फक्त उष्णता. तापमान तेच ठेवलं तर त्यांनी तपासलेल्या बहुतेक सगळ्या रिॲक्शनचा निकाल तोच आला. आधीच्या अनेक 'चमत्कारां'मागे तापमान चुकीचं मोजलेलं होतं. बाहेरून बघणारा इन्फ्रारेड सेन्सर काचेचं तापमान सांगतो, आतलं नाही.

यामुळे मायक्रोवेव्हची किंमत कमी होत नाही. माझं रोजचं काम पेप्टाइडचं आहे. एकेक अमिनो ॲसिड जोडत जायचं, जोडणी आणि संरक्षक गट काढणं, दोन्ही मायक्रोवेव्हने मिनिटांत होतं. तीस अमिनो ॲसिडांची साखळी आठवड्याऐवजी दिवसात तयार होते. पण पेप्टाइडमध्ये डीएमएफ हा द्रावक किती ओततो ते सांगायला मला स्वतःला आवडत नाही. रेझिन, म्हणजे साखळी ज्यावर वाढते ते घन मणी, प्रत्येक पायरीला धुवायचं असतं. वेग मिळाला, द्रावकाचा प्रश्न तसाच राहिला. ताईंच्या कॉलमचीच ही मोठी आवृत्ती.

---

तिसरी_पाळी

रायगड आणि रत्नागिरीच्या केमिकल झोनमध्ये मिळून बावीस वर्षं काढली. प्लांटच्या बाजूने लिहितो.

३,००० लिटरच्या जीएलआरमध्ये (काचेचं अस्तर असलेल्या रिॲक्टरमध्ये) मायक्रोवेव्ह घालता येत नाही, कारण २.४५ गिगाहर्ट्झची लहर पाण्यासारख्या द्रवात काही सेंटिमीटरच आत जाते. बाकीचा माल गार. मोठ्या प्रमाणावर करायचं तर बारीक नळीतून सतत वाहतं मिश्रण तापवावं लागतं, आणि मग प्रश्न येतो की नळी तर थर्मिक फ्लुइडनेही (गरम तेलानेही) तितकीच छान तापते, मग मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग, कशाला?

ऊर्जेचाही हिशोब मांडा. औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर येतो. मॅग्नेट्रॉन त्या विजेपैकी ५० ते ६५ टक्के लहरींत बदलतो. म्हणजे मूळ कोळशाच्या जेमतेम पाचवा हिस्सा मिश्रणापर्यंत. आमचा बॉयलर ब्रिकेटवर चालतो आणि बरीचशी उष्णता वाफेतच देतो. लॅबमध्ये हीटिंग मँटलही विजेवरच आहे, तिथे पाच मिनिटं विरुद्ध तीन तास हा फायदा खरा. प्लांटमध्ये तो तसाच उचलून आणता येत नाही.

उत्प्रेरकाचं मात्र पूर्ण वेगळं. तिथे मी दोन्ही हात वर करून तुमच्या बाजूने आहे. ॲल्युमिनियम क्लोराइडची फ्रीडेल-क्राफ्ट्स रिॲक्शन (बेन्झिनसारख्या वलयाला कार्बनचा गट जोडणारी) ज्याने प्लांटवर चालवली आहे त्याला विचारा. नाव उत्प्रेरक, पण तयार झालेलं कीटोन त्याला धरून बसतं, म्हणून मोलाला मोलाहून जास्त घालावं लागतं. शेवटी ते सगळं बर्फाच्या पाण्यात क्वेंच करायचं, म्हणजे ओतून विझवायचं. पांढरे धूर, हायड्रोजन क्लोराइड शोषून घेणारा स्क्रबर धापा टाकतोय, आणि मागे उरतं ॲल्युमिनियमच्या चिकट गाळाने भरलेलं आम्लाचं पाणी. ईटीपीवाला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा माणूस) रात्री फोन करतो. तो गाळ मी माझ्या हातांनी फिल्टर प्रेसवरून खरवडला आहे.

म्हणून आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची गोष्ट मी नवीन पोरांना नेहमी सांगतो. बूट्स कंपनीची जुनी पद्धत सहा पायऱ्यांची, पहिल्याच पायरीला ॲल्युमिनियम क्लोराइड. घातलेल्या अणूंपैकी ४० टक्के औषधात, बाकी कचरा. १९९२ मध्ये टेक्सासमधल्या बिशपला बीएचसी कंपनीचा प्लांट सुरू झाला. तीन पायऱ्या, तिन्ही उत्प्रेरकी: हायड्रोजन फ्लोराइड, रॅने निकेल, पॅलेडियम. अणूंचा वापर ७७ टक्के, आणि बाहेर पडणारं ॲसिटिक ॲसिड वापरात आणलं तर ९९ टक्क्यांपर्यंत. हायड्रोजन फ्लोराइड अत्यंत घातक आहे, पण ते तिथे परत मिळवून फिरवतात, गटारात सोडत नाहीत. यात ना मायक्रोवेव्ह ना अल्ट्रासाउंड. बदलला तो मार्गच.

---

घुसळण

अल्ट्रासाउंडवर पीएच.डी. केली आहे, म्हणून हा भाग माझ्याकडे घेतो.

आधी एक गैरसमज. ध्वनी रेणूंना थेट हलवत नाही. २० किलोहर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातली तरंगलांबी साडेसात सेंटिमीटर, रेणू त्याच्या कोट्यवधी पटींनी लहान. काम करतात ते बुडबुडे. ध्वनीच्या ताणाच्या टप्प्यात द्रवात सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, वाढतात आणि पुढच्या दाबाच्या टप्प्यात कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पोकळी कोसळण्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं, जहाजांचे पंखे का झिजतात या प्रश्नातून. रसायनावर होणारे परिणाम रिचर्ड्स आणि लूमिस यांनी १९२७ मध्ये नोंदवले. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या आत क्षणभर सुमारे ५,००० केल्विन तापमान आणि हजारभर वातावरण दाब असतो, हे इलिनॉयच्या केनेथ सस्लिक यांच्या कामातून पुढे आलं. आजूबाजूचा द्रव मात्र कोमटच.

घन पृष्ठभागाजवळ बुडबुडा गोल न कोसळता एका बाजूने फाटतो आणि द्रवाची बारीक धार पृष्ठभागावर आदळते. मॅग्नेशियम, जस्त, लिथियम यांच्यावरचा ऑक्साइडचा थर यानेच निघतो. फ्रान्सच्या ज्याँ-लुई ल्युश यांनी १९८० मध्ये लिथियम वापरून बार्बिए रिॲक्शन (धातूच्या मदतीने कार्बन-कार्बन बंध जोडणारी) साध्या अल्ट्रासॉनिक बाथमध्ये करून दाखवली. माझं स्पष्ट मत असं झालंय की घन आणि द्रव, किंवा न मिसळणारे दोन द्रव असतील तर अल्ट्रासाउंड लावा, फरक दिसेल. सगळंच एका द्रावकात विरघळलेलं असेल तर आधी शंका घ्या.

शंका कशाची, तर बाथ तापण्याची. ४० किलोहर्ट्झचा साधा बाथ तासभर चालवला की त्यातलं पाणी ४५ ते ५० अंशांवर जातं. मग शेजारी खोलीच्या तापमानाला नुसती ढवळलेली रिॲक्शन ठेवून 'अल्ट्रासाउंडने वेग चौपट' लिहिणं चूक आहे. तुलना ५० अंशांच्या पाण्यात ढवळलेल्या रिॲक्शनशी करा.

आणखी एक गोष्ट मुलांना पटायला वेळ लागतो. अल्ट्रासाउंडमध्ये थंड द्रव बहुधा चांगला. तापमान वाढलं की द्रावकाची वाफ बुडबुड्यात भरते, ती उशीसारखी काम करते आणि कोसळणं मवाळ होतं. म्हणून बाथमध्ये बर्फ टाका.

बाथमध्ये फ्लास्क कुठे धरायचा तेही महत्त्वाचं. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरून मिनिटभर बाथ चालवा. जिथे भोकं पडतील तिथे जोर आहे, तिथेच फ्लास्क. दोन इंच बाजूला ठेवला तर निकाल बदलतो, आणि पेपरात ही जागा कधीच लिहिलेली नसते. प्रोब (थेट द्रवात बुडवायचा अल्ट्रासाउंडचा दांडा) वापरत असाल तर टायटॅनियमचं टोक झिजतं, त्याचे कण तुमच्या मिश्रणात जातात. कानाला संरक्षणही हवं.

---

उन्हाळी

चष्म्याच्या दुकानात चष्मा धुवायला जो छोटा पाण्याचा डबा असतो, तो हाच का?

---

घुसळण

हाच. सोनारांकडेही असतो.

तिसरी_पाळी दादांच्या मुद्द्यावरून, मोठ्या प्रमाणाचा प्रश्न अल्ट्रासाउंडलाही आहे. बाथचा जोर भिंतीजवळ, प्रोबचा टोकाजवळ. म्हणून माटुंग्याच्या आयसीटीत (रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत), म्हणजे जुन्या यूडीसीटीत, अनिरुद्ध पंडित यांच्या गटाने हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनवर दीर्घकाळ काम केलं. पंपाने द्रव बारीक छिद्रातून किंवा व्हेंचुरीतून (मध्ये अरुंद होणाऱ्या नळीतून) ढकलला की अरुंद जागी वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे होतात, आणि पुढे दाब परत वाढला की कोसळतात. ध्वनी नाही, नुसता पंप. एकेक बुडबुडा सौम्य असतो, पण हजारो लिटरवर चालतं. सांडपाणी आणि तेलांच्या प्रक्रियेत याचा उपयोग जास्त. त्याच संस्थेत जी. डी. यादव यांनी सल्फेटेड झिर्कोनियावर आधारलेले घन आम्ल उत्प्रेरक तयार केले, यूडीसीएटी नावाचे. दादांनी सांगितलेल्या गाळावर असा घन उत्प्रेरक हा उपाय आहे: बॅच झाली की गाळून घ्यायचा.

---

एमएस्सी_भाग२

नमस्कार सर, मॅडम. माझा प्रोजेक्ट मॅग्नेटाइटवर (चुंबकीय लोह ऑक्साइडवर) सिलिकाचा थर, त्यावर अमाइन गट, असा उत्प्रेरक आहे. नोएव्हेनागेल रिॲक्शन, ४-नायट्रोबेन्झाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल. लोहचुंबक बाहेरून लावला की उत्प्रेरक भिंतीला चिकटतो, द्रव ओतून घ्यायचा, फिल्टरची गरज नाही. पाच वेळा वापरला. प्रत्येकी एक तास. यील्ड ९६, ९५, ९५, ९३, ९२. गाइड खूश आहेत. यात काही चुकतंय का?

---

मांजराकाठ

चुकत नाही, पण अर्धवट आहे. आणि तू विचारलंस याचाच मला आनंद आहे.

तुझी रिॲक्शन ताज्या उत्प्रेरकाने किती वेळात पूर्ण होते? समज १५ मिनिटांत होते आणि तू तास दिलास. आता उत्प्रेरकातला अर्धा भाग मेला तर ती अर्ध्या तासात होईल. तासाने बघणाऱ्याला ९५ टक्केच दिसणार! म्हणजे तुझा तक्ता उत्प्रेरकाची तब्येत सांगतच नाही, दिलेल्या वेळाची ढिलाई सांगतो. रिॲक्शन निम्म्यावर असताना थांबव, उदाहरणार्थ ५ मिनिटांवर, आणि पहिल्या वेळचं आणि पाचव्या वेळचं उत्पादन तेव्हा तोलून बघ. तिथे दोन्ही जुळले तर उत्प्रेरक खरोखर टिकला.

मग गळतीचा प्रश्न. घनावर बांधलेला सक्रिय भाग सुटून द्रवात आला, तर काम तोच करतो आणि आपण श्रेय घनाला देतो. तपासायचं कसं, तर रिॲक्शन अर्धी झाली की गरम असतानाच उत्प्रेरक वेगळा काढायचा आणि उरलेला द्रव तसाच पुढे चालू ठेवायचा. उत्पादन वाढतच राहिलं तर द्रवात काहीतरी उतरलंय. सिलिकावर सल्फ्युरिक ॲसिड चढवलेले जे उत्प्रेरक असतात, त्यांच्या द्रवाला नुसता लिटमस लावला तरी पुष्कळदा उत्तर मिळतं.

प्रत्येक वेळी चुंबकाने परत किती मिलिग्रॅम आला तेही लिही. पाचपैकी प्रत्येक वेळी पाच टक्के हरवला तर शेवटी तीन-चतुर्थांशच्या जरा वर उरतो, आणि त्या प्रमाणात आल्डिहाइड कमी घेतलं होतं का हे वाचणाऱ्याला कळायला हवं. धुवायला किती इथेनॉल लागलं? उत्प्रेरक तयार करताना किती टोल्युइन लागलं? १०० मिलिग्रॅम उत्प्रेरकासाठी अर्धा लिटर द्रावक गेला असेल तर तो पाच वेळा नाही, पन्नास वेळा वापरायला हवा.

आणि सगळ्यात आधी जे करायला हवं होतं ते: उत्प्रेरक न घालता रिॲक्शन लाव. मॅलोनोनायट्राइलचे हायड्रोजन फार आम्लधर्मी असतात आणि नायट्रो गटामुळे तुझं आल्डिहाइड फार उत्सुक आहे. ही जोडी मदतीशिवायही बऱ्यापैकी जुळते. हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) काम कर, हातमोजे घाल, मॅलोनोनायट्राइल विषारी आहे.

---

पेप्टाइडवाली

गळतीबद्दल उद्योगाच्या बाजूने एक आकडा. औषधातल्या धातूंच्या मर्यादेची जागतिक नियमावली आहे, क्यू३डी. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाता कामा नये, इंजेक्शनमधून १० मायक्रोग्रॅम. दिवसाला १० ग्रॅम औषध धरलं तर ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० पीपीएम. 'अगदी थोडं सुटतं' याला आमच्याकडे अर्थ नाही, किती सुटतं ते मोजून लिहावं लागतं. गंमत बघा, ते मोजण्यासाठी नमुना आम्लात विरघळवतो तो मायक्रोवेव्हमध्येच. जगभरातल्या विश्लेषण लॅबमध्ये मायक्रोवेव्हचं सगळ्यात रुळलेलं काम बहुधा हेच असेल.

आणि पॅलेडियमच्या बाबतीत गरम गाळणीवरही (ताईंनी सांगितलेल्या, गरम असतानाच उत्प्रेरक काढून बघण्याच्या चाचणीवरही) पूर्ण विसंबू नका. हेकसारख्या, पॅलेडियमने कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या रिॲक्शनमध्ये पॅलेडियम घनावरून सुटतं, द्रवात काम करतं आणि शेवटी परत घनावर जाऊन बसतं. शेवटी द्रव तपासला तर स्वच्छ दिसतो.

---

तिसरी_पाळी

पुन्हा वापरता येणारा उत्प्रेरक ही प्लांटला नवी गोष्ट नाही, एवढं पोरांना सांगायचंय. हायड्रोजनेशनच्या ऑटोक्लेव्हमधून पॅलेडियम-कार्बन आम्ही गाळून पुढच्या बॅचला परत घालायचो, दर बॅचला थोडा ताजा माल टॉपअप. तो कधीही कोरडा होऊ द्यायचा नाही. पाण्याने किंवा द्रावकाने ओला, नायट्रोजनखाली. वाळला आणि हवा लागली की पेटतो, रॅने निकेलही तसंच. मी एकदा फिल्टर कापडाच्या कोपऱ्यावर वाळलेला चिमूटभर उत्प्रेरक लाल होताना पाहिला आहे, त्यानंतर पाण्याची नळी हातात असल्याशिवाय फिल्टर उघडला नाही. थकलेला माल ड्रममध्ये सीलबंद करून धातू परत काढणाऱ्यांकडे जातो. पॅलेडियमचा ग्रॅम न् ग्रॅम तोलून हिशोब होतो, कारण तो पैशाचा आहे. पाण्याचा आणि हेक्झेनचा हिशोब तितक्याच काटेकोरपणे झाला असता तर आमच्या खाडीचं पाणी आज वेगळं असतं.

मॅडम, एक विचारतो. लॅबमध्ये जिथे रिफ्लक्स टाळता येतच नाही तिथे तुम्ही पाण्याचं काय करता?

---

मांजराकाठ

दादा, कूलरचा पंप. १८ वॉटचा, बाजारात कुठेही मिळतो. १५ लिटरच्या बादलीत पाणी, त्यात पंप बुडवायचा, नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला, वरच्या तोंडाची नळी परत बादलीत. पाण्याच्या दोन बाटल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतो, एक बादलीत, ती वितळली की दुसरी. इथेनॉल, टोल्युइन, पाणी यांच्या रिफ्लक्सला पुरतं. तीन तासांत पाणी खर्च होत नाही, वीज ०.०५ युनिट. एका बादलीवर दोन कंडेन्सर जोडून चालतात, तिसरा जोडला की धार बारीक होते. ईथर किंवा डायक्लोरोमिथेन मात्र यावर उकळू नका, तितकं थंड होत नाही.

व्हॅक्यूमसाठीचा नळाला लावायचा ॲस्पिरेटरही असाच बादलीवर फिरवला. रिफ्लक्सपेक्षा तोच जास्त पाणी खात होता, हे मीटर लावल्यावर कळलं.

आणि बीएस्सीच्या मुलांसाठी काही जुने प्रयोग बदलले. ॲसिटानिलाइडच्या ब्रोमिनेशनला ब्रोमीनची बाटली उघडायची गरज नाही, पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट पुरतं. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ग्रीन केमिस्ट्री पुस्तिकेत हा प्रयोग दिलेला आहे. बेन्झॉइनला सायनाइडऐवजी थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. कॅल्कोन तर खलात सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर घोटूनही होतो, दहा मिनिटं हात चालवला की पिवळा पडतो. या सगळ्यांत मुलांना मळमळ होत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. मी शिकले तेव्हा ब्रोमीनच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी रात्रीपर्यंत घसा धरलेला असायचा.

---

एमएस्सी_भाग२

मॅडम, आज रिकामी रिॲक्शन लावली. तेच प्रमाण, इथेनॉल-पाणी, खोलीचं तापमान, उत्प्रेरक शून्य. तासाभराने पिवळसर पदार्थ खाली बसला होता. गाळून, वाळवून तोलला, निम्म्याहून जास्त आला. टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करून बघायच्या चाचणीत) तोच स्पॉट. गाइडना दाखवलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले हे तक्त्यात पहिल्या ओळीत टाक.

आता ४-नायट्रोऐवजी ४-मेथॉक्सी आल्डिहाइड घेऊ का? तिथे उत्प्रेरकाशिवाय कमी होईल असं वाटतं, म्हणजे उत्प्रेरकाचं खरं काम दिसेल.

---

मांजराकाठ

तुझ्या गाइडना माझा नमस्कार सांग. पहिली ओळ तीच हवी.

हो, ४-मेथॉक्सी घे, बरोबर दिशा आहे. तिथला कार्बोनिल मंद असतो. आधी रिकामी, मग नुसता मॅग्नेटाइट, मग सिलिकाचा थर चढवलेला पण अमाइन नसलेला, आणि मग तुझा पूर्ण उत्प्रेरक. चौघांना एकाच पाण्याच्या बाथमध्ये, एकाच वेळी लाव. दर १० मिनिटांनी टीएलसी काढ, आणि बाथचं तापमान सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा लिही. आकडे आले की इथेच टाक, घुसळण आणि पेप्टाइडवाली दोघांनाही बघू देत.

आणि पदार्थ खाली बसतोय ना? मग कॉलम लावू नकोस.